तीनशिंग्या आणि वीतभर सरकलेली भिंत

मी तीनशिंग्या बोलतोय. हे माझं पाळण्यातलं नाव नव्हे बरं का. कॉम्प्युटरवर खोलीचं चित्र उघडून त्यातल्या कपाटावर टिचकी मारलीत, की कपाटाच्या अंगातून तीन बाण फुटतात ना, लाल, हिरवा आणि निळा? तो मी. लाल ओढला की वस्तू डावी-उजवीकडे सरकते, हिरव्यानं पुढे-मागे, निळ्यानं वर-खाली. तीनशिंग्या हे नाव एका सुतारमिस्त्रींनी ठेवलं. तेव्हा राग आला होता, आता दुसऱ्या नावाला मी ओ देणार नाही.

माझा जन्म एका ऑफिसातला. ज्या बाईंनी मला घडवलं, त्या आठवडाभर माझ्या जाडीवरून डोकं खाजवत होत्या. बारीक केलं तर मी सापडेना, जाड केलं तर वस्तूच झाकून टाकी. शेवटी बेताचा झालो. धरलं की पिवळं व्हायचं आणि सोडलं की गप्प बसायचं, एवढं त्यांनी शिकवलं. तोंड मात्र दिलं नाही. त्याचं दुःख मला आयुष्यात एकदाच झालं, पण ते फार झालं.

मिस्त्रींच्या कारखान्यात मला त्यांच्या सुनेनं आणलं. तिथे सगळीकडे भुसा, म्हणून कॉम्प्युटरवर घरची जुनी उशीची खोळ घातलेली असे. माझ्यासोबत चकतीही आली. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातलं ते गोल बटण. ती फिरवली की बघणारा चित्रातल्या खोलीत चालू लागतो. म्हणजे मी वस्तू हलवतो आणि ती माणसाला. आमचं फारसं जमायचं नाही. नुसती हिंडते, काम काडीचं नाही, असं माझं तिच्याबद्दल मत होतं.

माणसं मात्र मजेशीर. माउस हलतो टेबलावर, पण मान वळते कपाटाबरोबर. मिस्त्री तर एखादी वस्तू वर उचलायची असली की स्वतःच खुर्चीतून अर्धे उठायचे. सून तोंडाला पदर लावून हसायची आणि ते म्हणायचे, हसू नकोस, जड आहे ते.

तर झालं असं. मिस्त्रींच्या थोरल्या बहिणीच्या, ताईंच्या, पायाचं ऑपरेशन झालं. यापुढे चाकांची खुर्ची. भाऊ म्हणाला, आता माझ्याकडेच राहायचं. ताईंनी एकच अट घातली, बाथरूमला मला कुणी उचलून न्यायचं नाही. तसं असेल तर मी येत नाही, कुठल्यातरी संस्थेत राहीन. लहानपणी मिस्त्रींना घासूनपुसून आंघोळ घालणारी ती हीच ताई. मिस्त्रींनी मान खाली घालून अट कबूल केली.

ताईंच्या खोलीच्या कोपऱ्यात बाथरूम काढायचं ठरलं. एका बाजूला जुनी विटांची भिंत, दुसऱ्या बाजूला नवी फळ्यांची, आणि दोन्हींमध्ये दार. खुर्ची पासष्ट सेंटिमीटर, दार ऐंशी. सुनेनं चित्र अगदी चोख काढलं होतं.

ताई घरी यायला दोन दिवस उरले होते; नळ-फरशी झाली होती, फळ्यांची भिंत आणि दार तेवढं बाकी होतं. दुपारी सून बाहेर गेली आणि मिस्त्रींना ती फळ्यांची भिंत मागून कशी दिसते ते बघावंसं वाटलं. आता सुतार कपाटाची मागची बाजू कशी बघतो? कपाट फिरवतो. पस्तीस वर्षं हा माणूस जागचा हलला नव्हता, सगळं लाकूड त्याच्यासमोर फिरलं होतं. त्यांनी सवयीनं भिंत धरली आणि मला ओढलं. अहो मिस्त्री, चकती, चकती फिरवा! पण मी बोलणार कशानं? नुसता पिवळा झालो. भिंत वीतभर सरकली, दार बासष्टवर आलं. चित्र इतकं आज्ञाधारक, की दाराच्या फळीचं मापही त्यानं आपण होऊन कमी केलं. मिस्त्री म्हणाले, फिरत नाही वाटतं. आणि सुनेनं बजावून ठेवलं होतं म्हणून, काम झाल्यावर शहाण्यासारखं ते सगळं जपून ठेवण्याचं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं मापांचा कागद छापला. चित्र तिचंच, शंका कशाला घेईल? मिस्त्रींनी फळी करवतीच्या टेबलावर चढवली. ते लाकूड तेवढंच होतं, चुकलं तर महिनाभर दुसरं मिळणार नव्हतं. माझा जीव नुसता टांगणीला लागला.

पण आदल्या संध्याकाळी सुनेनं एक छान गोष्ट केली होती. ताईंना खोली बघता यावी म्हणून तिनं चित्र त्यांच्या मोबाईलवर पाठवलं होतं आणि चालणाऱ्या माणसाच्या जागी हौसेनं चाकांची खुर्ची बसवली होती. तिथे मला मज्जाव, कारण पाहुण्यांनी वस्तू हलवायच्या नसतात. फक्त चकती होती. हॉस्पिटलच्या खाटेवर ताई त्या सकाळी चकतीवर अंगठा ठेवून खोलीभर हिंडल्या, खिडकीशी थांबल्या, मग बाथरूमकडे वळल्या. हे मला चकतीनंच नंतर सांगितलं.

करवत सुरू होणार, तेवढ्यात सुनेचा फोन वाजला. तिनं तो मिस्त्रींना ऐकू जाईल असा धरला.

"अरे, माझी खुर्ची दारात अडकते," ताई म्हणाल्या. "तीनदा बघितलं."

"ताई, तुला ते चालवता येत नसेल," मिस्त्री म्हणाले. "दार चांगलं ऐंशीचं आहे."

"नसेल येत. पण तू एकदा मोजून बघ, माझ्यासाठी."

सुनेनं चित्रातलं दार मोजलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. बासष्ट! मिस्त्री लगेच माझ्यावर घसरले. हा तीनशिंग्या आपोआप सरकतो, म्हणाले. सुनेनं चित्रात झालेले बदल एकेक करून मागे घेतले, आणि मिस्त्रींच्या देखत भिंत वीतभर मागे गेली. आदल्या दुपारची आठवण त्यांच्या चेहऱ्यावर उतरताना मी पाहिली.

"मी तर नुसता मागून बघत होतो गं," ते हळूच म्हणाले.

"बाबा, बघायचं असेल तर आपण फिरायचं. भिंत तिथेच राहू द्यायची."

मिस्त्रींनी करवतीची वायरच काढून ठेवली. ताई अजून फोनवर होत्या. ते त्यांना म्हणाले, "वाचवलंस बाई." माझाही जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून मी चकतीला नावं ठेवलेली नाहीत.

ताई आल्या त्या दिवशी मापं ताडून बघायला सुनेनं चित्र लॅपटॉपवर घेऊन त्यांच्या खोलीत आणलं होतं, म्हणून मलाही बघायला मिळालं. बाथरूमच्या दारात येताच मिस्त्री खुर्ची ढकलायला पुढे झाले. ताईंनी हातानंच त्यांना बाजूला केलं. चाकांना दोन्हीकडे सारखी जागा राहिली आणि खुर्ची अलगद आत गेली.

आता सुनेनं चित्रातल्या भिंतींना कुलूप घातलंय. कुठल्याच भिंतीवर मी उगवत नाही, कपाटं आणि टेबलं तेवढी माझी. माझी तक्रार नाही. तुम्हाला एकच विनंती, मी पिवळा झालो की हात सोडण्याआधी बघा, तुम्ही काय धरलंय ते. मला सांगता येत नाही हो.

त्या दिवशी ताई आत गेल्यावर मिस्त्री दाराबाहेर तसेच उभे राहिले. आतून कडी लागली. मग नळाचं पाणी सुरू झालं, आणि साठीचा तो माणूस सुनेसमोर पोरासारखा रडला.