बाहीतलं पाणी

तीस वर्षं कोंबड्यांच्या शेडमध्ये अंडी गोळा करून आमचे हे निवृत्त झाले आणि घरी काय घेऊन आले, तर चार कोंबड्या! अंडी कमी द्यायला लागल्या म्हणून पिंजऱ्यातून काढून टाकलेल्या, पिसं झडलेल्या. मी म्हटलं, "अहो, लोक घड्याळ आणतात."

आमच्या जुन्या कोंबड्या परसभर उकरत हिंडत होत्या. यांतल्या तिघी मात्र आणलेल्या पेटीतून मोकळ्या सोडल्या तरी तासभर एकमेकींना चिकटून उभ्या. मग एकीचा पाय पाण्याच्या परातीत पडला, तिने दचकून चोच बुडवली आणि तिचं बघून दोघी प्यायल्या. चौथी पेटीतच बसून राहिली. दीड दिवस झाला, पाण्याला शिवली नाही. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत प्यायली नाही तर आशा सोडा."

यांनी परात तिच्या चोचीशी नेली, चमच्याने पाजून पाहिलं. ती मान फिरवायची आणि वर बघत बसायची.

"रुसलीये माझ्यावर," हे म्हणाले. सकाळपासून त्यांच्याही पोटात काही नव्हतं. कोंबडीपेक्षा मला त्यांचंच वाईट वाटत होतं.

दुपारी सगळं परस उन्हात तरंगत होतं. तारेवर धुणं घालताना त्यांचा शेडमधला निळा शर्ट माझ्याकडून नीट पिळला गेला नाही. त्याच्या खाली लोंबणाऱ्या बाहीतून तिच्या पेटीत थेंब पडायला लागले. टप्. टप्. कोंबडीने मान उंचावली. बाहीच्या टोकाला चोच लावली. प्यायली.

"अहो, लवकर या!"

हे आले, बघत राहिले आणि कपाळावर हात मारून तिथेच बसले. "अगं, पिंजऱ्यात पाणी वरून ठिबकतं, नळीतून. पाणी खाली असतं हे हिला ठाऊकच नाही. रोज मीच त्या नळ्या पुसायचो, आणि मीच विसरलो!"

त्यांनी तारेवरून तो शर्ट काढून बादलीत बुडवला. बाही तिच्यासमोर धरली आणि गुडघ्यांवर मागे मागे सरकू लागले. दर वेळी बाही थोडी खाली. थेंबामागून ती पेटीबाहेर आली. एक पाऊल, मग दुसरं. शेवटी बाही परातीत टेकली, आणि तिच्यामागून चोचही.

"सोडा आता तो शर्ट," मी म्हटलं.

ते हलले नाहीत. डोळे भरून आले होते त्यांचे.

"बघ ना," ते हळूच म्हणाले, "पिताना डोळे मिटते ही. तीस वर्षांत मी कधी पाहिलंच नाही."