साडेतीनची रेघ

कॉरिन झाबेलचा निकाल पहिल्या पाच सेकंदांत लागला. मुलाखत वीस मिनिटांची होती. त्यामुळे उरलेली एकोणीस मिनिटं पंचावन्न सेकंद कशी घालवायची, हा प्रश्न दोघांपुढे सारखाच होता.

दोघं म्हणजे कॉरिन आणि विन्स्लो थेअर. थेअर हा शिकागोतल्या ‘हॅल्स्टन ब्रॅकेट’ या सहाशे वकिलांच्या फर्मचा पार्टनर. ऑगस्टमधला मंगळवार, हॉटेलचा सतरावा मजला. खोलीतला पलंग उभा करून भिंतीला टेकवलेला, त्याच्या जागी एक गोल टेबल आणि दोन खुर्च्या. अशा चाळीस खोल्यांत त्या दिवशी चाळीस फर्म मुलाखतींना बसल्या होत्या. बाहेर काळ्या-निळ्या सुटांतली दीडशे मुलंमुली ओठांतल्या ओठांत उत्तरं घोकत होती, आणि मुली सपाट चपला पिशवीत कोंबून टाचांचे बूट चढवत होत्या.

थेअरने तिचं गुणपत्रक उचललं. त्याची नजर कागदावरून घसरत उजव्या कोपऱ्यात पोचली. सरासरी चारपैकी ३.४१. हॅल्स्टन ब्रॅकेटची रेघ साडेतीनला होती. ती कुठेही लिहिलेली नव्हती आणि सगळ्यांना पाठ होती. त्याने कागद बाजूला सारला आणि पाय लांब केले.

“तर कॉरिन! सुट्टीच्या दिवशी काय करता?”

रेघेखालच्या मुलांना भेटायची फर्मला काही हौस नव्हती. पण कॉरिन शिकत होती त्या लेकशोर लॉ स्कूलमध्ये कोण कुणाला भेटणार हे चिठ्ठ्या टाकून ठरे. चिठ्ठी निघाली की वीस मिनिटं द्यावीच लागत. ती कशी द्यायची, यावर मात्र नियम नव्हता.

कॉरिनने गाडी पाण्याकडे वळवायचा प्रयत्न केला. तिने सहा वर्षं मिलवॉकीत पाण्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. नदीत कोण काय सोडतं हे ती मोजायची आणि ते आकडे वकिलांकडे जायचे. तिकडे त्यांचं जे व्हायचं ते पाहून तिने एकतिसाव्या वर्षी नोकरी सोडली आणि कायद्याला प्रवेश घेतला. पाण्याचे मोठे खटले लढवणारा विभाग शिकागोत एकाच फर्ममध्ये होता, तो या माणसाच्या. पुढच्या उन्हाळ्यासाठी तिथे जागा मिळाली, तर नंतरची नोकरी जवळजवळ ठरलेली. नाही मिळाली, तर ते दार सहसा पुन्हा उघडत नसे. या धंद्यात माणसं याच दोन आठवड्यांत उचलतात.

“पाणी! वा,” थेअर म्हणाला. “माझी बायको पोहते.”

मग दिवाणी प्रक्रियेतला तो बी-मायनस निघाला. कॉरिनने काय सांगावं? डिसेंबरातली तीन तासांची एकच परीक्षा, अख्ख्या विषयाचे सगळे गुण त्या तीन तासांना. वर्गात ऐंशी जण. त्यांतल्या किती जणांना ए द्यायचा, हे पेपर हातात पडायच्या आधीच ठरलेलं. एकदाच घेतलेलं मोजमाप माणसं दुसऱ्या दशांशापर्यंत कशी काय लिहितात, हे तिला कोडं होतं. प्रयोगशाळेत तिने असं केलं असतं, तर साहेबाने वही तोंडावर फेकली असती. हे सगळं तिने गिळलं आणि म्हणाली, “त्यातून मी खूप शिकले.”

“असंच हवं,” थेअर म्हणाला आणि उभा राहिला. अजून दोन मिनिटं शिल्लक होती.

ती लिफ्टमध्ये शिरली आणि फोन थरथरला. ‘आपल्याशी झालेला संवाद आम्हाला मनापासून भावला, तथापि…’ लिफ्ट तेव्हा अकराव्या मजल्यावर होती.

“सहा मजले?” घरी आल्यावर ओडेसा टिलमन म्हणाली. “मान आहे बाई तुला. मला काल एकाने मी खोलीत असतानाच नकार पाठवला. टेबलाखाली बोटं चालवत होता, मला वाटलं खाजवतोय.”

ओडेसा आणि कॉरिन एका घरात राहत, एकमेकींचे कोट घालत, एकीचं दूध दुसरी संपवी. फक्त सरासरी कधी विचारायची नाही, हे न बोलता ठरलेलं होतं. ओडेसाही रेघेखाली आहे एवढं कॉरिनला माहीत होतं. किती खाली, ते नव्हतं. हॅल्स्टन ब्रॅकेटची ओडेसाची चिठ्ठी पुढच्या सोमवारची निघाली होती.

बुधवारी दुपारी लॉ स्कूलच्या प्राध्यापकांची सभा झाली. नदीपलीकडच्या लॉ स्कूलने मार्चमध्ये आपल्या सगळ्या मुलांचे गुण वाढवून टाकले होते आणि त्यांची मुलं पटापट उचलली जात होती. ‘आपल्या विद्यार्थ्यांची खरी गुणवत्ता जगासमोर येत नाही’ यावर लेकशोरच्या प्राध्यापकांचं कधी नव्हे ते एकमत झालं. प्रत्येकाच्या सरासरीत पंधरा शतांश मिळवायचे ठरले, तेही मागच्या तारखेपासून. विद्यार्थ्यांना गेलेल्या पत्रात लिहिलं होतं: ‘ही वाढ नसून दुरुस्ती आहे.’

“झाबेल, ऊठ!” ओडेसा दारातून ओरडली. “आपण जेवणाच्या सुट्टीत हुशार झालो!”

“आपण म्हणजे कोण?”

“सगळेच.”

“सगळेच म्हणजे कुणीच नाही,” कॉरिन म्हणाली. “यंत्राचं शून्य सरकवलं की सगळे आकडे सरकतात. पाणी तेच राहतं.”

“चुलीत घाल तुझं पाणी. रेघ सरकली का? नाही ना? मग पळ, नवा कागद आण.”

नवा कागद गुरुवारी दुपारी मिळाला. ३.५६.

हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावर हॅल्स्टन ब्रॅकेटने पाहुणचाराची खोली मांडली होती. बिस्किटं, कॉफी, फर्मचं नाव छापलेल्या पेनांचा ढीग. त्या ढिगामागे ग्वेन स्टाल बसली होती. बावीस वर्षं ती या फर्मची भरती सांभाळत होती. स्वतः वकील नव्हती, त्यामुळे तिच्याकडून उत्तर सरळ मिळे. कॉरिनने कागद पुढे केला. ग्वेनने चष्मा वर सारला, लॅपटॉपमध्ये तिचं नाव शोधलं आणि आकडा बदलला. लाल ओळ हिरवी झाली.

“झालं. अभिनंदन, पोरी.”

“कशाबद्दल?”

“ते मला नको विचारूस. मी नुसता आकडा घालते. रंग तोच ठरवतो.”

तासाभरात खुद्द थेअरचा फोन आला.

“कॉरिन, मंगळवारपासून तुमचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नाहीये.”

“कुठलं बोलणं?”

पलीकडे कागद सळसळले. “ते… नौकानयनाचं. काय जिद्द आहे हो तुमची! उद्या ऑफिसला या. सगळ्यांना भेटा, मग जेवायला जाऊ.”

कॉरिन जन्मात शिडाच्या होडीत बसली नव्हती. “नक्की येते,” ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तिला चार वकील भेटले आणि चौघांनाही ती आवडली. एकाने तर तिच्या लेखनाच्या नमुन्याला ‘धारदार’ म्हटलं. तोच नमुना मंगळवारी ‘बोथट’ होता, असं ग्वेनने लिफ्टमध्ये तिला सहज सांगून टाकलं. एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

जेवायला तिघं होते: थेअर, कॉरिन आणि एव्हरेट नॉस. एव्हरेटचं वकील म्हणून फर्ममधलं हे पाचवं वर्ष. आपल्या वर्गात पहिला आला होता आणि ही बातमी अजून ताजी आहे अशा समजुतीत वावरत असे. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, खाली शिकागो नदी, समोर काकडीचं थंड सूप.

दोन चमचे सूप पोटात गेल्यावर थेअर मोकळा झाला. “उगाच लांबण कशाला लावायची? पुढच्या उन्हाळ्यात आमच्याकडे या. पाण्याच्याच विभागात. पत्र सोमवारी येईल, पण माझा शब्द आत्ता घ्या.”

“घेतला,” कॉरिन म्हणाली. “मी येते. माझं हो आहे.”

तिघांनी पाण्याचे ग्लास एकमेकांवर टेकवले.

मासा आला, आणि त्याच्या मागोमाग ग्वेन आली. फोनवर सांगता येण्यासारखं नसलं तरच ती उठून येई. थेअरच्या कानाशी वाकून ती जे बोलली, ते कुजबुजणं तिच्या स्वभावात नसल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. कालपासून लेकशोरची त्रेचाळीस मुलं हिरवी झाली होती. सकाळी भरती समिती बसली आणि तिने लेकशोरपुरती रेघ पंधरा शतांश वर नेली. आता रेघ ३.६५.

कॉरिनने मनात वजाबाकी केली. मंगळवारी ती रेघेपासून नऊ शतांश खाली होती. आता पुन्हा बरोब्बर नऊच. खरं तर यात कुणाचीच तक्रार नसायला हवी होती.

थेअरच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यामागचा माणूस उठून गेला. “कॉरिन,” तो म्हणाला, “मघाशी आपण जे बोललो तो… एक सर्वसाधारण उत्साह होता.”

“तुम्ही विचारलंत आणि मी हो म्हटलं. तेव्हा सूप चालू होतं.”

“तशा अर्थाने नव्हे—”

“सर, तिचं बरोबर आहे,” एव्हरेटला राहवलं नाही. “प्रस्ताव मागे घेण्याआधी समोरच्याने स्वीकारला की करार होतो. या विषयात मला—”

“एव्हरेट.”

“अर्थात तुम्ही तिला पहिल्याच दिवशी कारण न देता काढू शकता, सर. तोही कायदाच आहे.”

“एव्हरेट, मासा खा.”

ग्वेनने रिकामी खुर्ची ओढली आणि बसली. “विन्स्लो, कायदा राहू दे. दिलेला शब्द फिरवला, तर लेकशोर पुढच्या वर्षी आपलं नाव चिठ्ठ्यांत घालणार नाही. आणि ही मुलं एकमेकांना काय काय कळवतात, ते मी रोज वाचते. तुझं जेवण संपायच्या आत सगळ्या गावाला कळेल.”

कॉरिनने फोन पर्समधून काढून ताटाशेजारी ठेवला.

थेअरने फोनकडे पाहिलं, मग नदीकडे. “बरं. हिला अपवाद करा.”

“अपवादाला रंग नाहीये,” ग्वेन म्हणाली. “हिरवा नाहीतर लाल. रेघेखालचं एक नाव जरी हिरवं केलं, तरी समिती मला कारण विचारणार. काय लिहू? सूप?”

“मग रेघ थोडी खाली घ्या.”

“किती?”

तिघांनी कॉरिनकडे पाहिलं. वेटर पाव घेऊन आला आणि कुणी बघत नाही म्हणून परत गेला.

“तीन पॉइंट छप्पन,” कॉरिन म्हणाली.

ग्वेनने लिहून घेतलं.

“पण सर,” एव्हरेट म्हणाला, “छप्पनच का, असं कुणी विचारलं तर?”

“म्हणावं, सखोल अभ्यासाअंती.”

संध्याकाळी सहापर्यंत आकडा सगळ्या लॉ स्कूलला कळला होता. फर्मने बारा वर्षांच्या नोंदी एका संख्याशास्त्रज्ञाकडून तपासून घेतल्या, असं एकाचं म्हणणं. छप्पनच्या खाली वकील टिकत नाही हे सिद्ध झालंय, असं दुसऱ्याचं. तिसऱ्याने तर आलेख काढून पाठवला. त्यात वळण नेमकं छप्पनला होतं.

ओडेसा स्वयंपाकघरात मॅकरोनी ढवळत होती. “छप्पन म्हणे! कुठल्या दीडशहाण्याच्या डोक्यातून निघाला असेल गं?”

कॉरिनने कोट काढला आणि सगळं सांगितलं. सूप, मासा, ग्वेन, आकडा. ओडेसाने चमचा टाकून तिला मिठी मारली, तिच्या पाठीवर चीजचा डाग पाडला आणि दोनदा ओरडली, “पाण्यात पडलीस एकदाची!” मग ती परत चुलीकडे वळली आणि बराच वेळ मॅकरोनी ढवळत राहिली.

“मी सोमवारी मुलाखतीला जात नाही मग,” ती म्हणाली.

“का?”

“पंचावन्न.”

कॉरिनला कळायला क्षणभर लागलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या घरात तो आकडा उच्चारला गेला होता.

“एक शतांश आहे गं,” ओडेसा पाठमोरीच म्हणाली. “तुझ्यासाठी नऊ शतांश खाली आणली त्यांनी. ग्वेनला एक फोन कर. म्हणावं, पंचावन्न करा. तुला नाही म्हणायची नाही ती.”

फोन कॉरिनच्या हातातच होता. ग्वेनचा नंबर सगळ्यांत वर होता. एक शतांश म्हणजे काय, हे तिच्याइतकं त्या शहरात कुणाला ठाऊक होतं? सहा वर्षं ती असल्या आकड्यांखाली ‘विश्वासार्ह नाही’ असं लिहून सही करत आली होती. पण फोन केला की ग्वेन समितीकडे जाणार. समिती विचारणार, आधी छप्पन कुठून आला? मग कुणीतरी तिचा कागद उचलणार, उजव्या कोपऱ्यात बघणार आणि जेवणाची गोष्ट निघणार. पत्र सोमवारी यायचं होतं.

“असं बघ,” तिने घसा साफ केला. “पंचावन्न केलं, तर चोपन्नवाली विचारेल, मी का नाही. रेघ कुठेतरी मारावीच लागते ना, ओडेसा? आणि ज्याअर्थी फर्मने काही एक विचार करून—”

ती थांबली, पण वाक्य बाहेर पडलं होतं.

ओडेसाने गॅस बंद केला, दोन ताटल्या काढल्या आणि दोन्हींत सारखी मॅकरोनी वाढली.

“बोल, बोल,” ती म्हणाली. “नोकरीला अजून दहा महिने आहेत, पण हात चांगला बसलाय तुझा.”