हुद्दा होतो, आडनाव झालो

मी एक जुनं आडनाव आहे, मित्रांनो. कारभारी! तुमच्या वर्गात माझा एखादा धनी नक्की असेल, नाहीतर गल्लीत तरी असेलच. दवाखान्याच्या पाटीवर मी आहे, पंक्चरच्या दुकानावर आहे, आणि खोटं कशाला बोलू, एकदोनदा पोलीस चौकीतही जाऊन आलोय. पण जन्मलो तेव्हा मी आडनाव नव्हतो. मी हुद्दा होतो.

एका गावात एक बडं घराणं होतं. त्यांचा सगळा व्याप सांभाळायला एक माणूस नेमला होता. कोठाराच्या किल्ल्या त्याच्या कमरेला, नोकरचाकर त्याच्या हाताखाली. पाहुणे बोलवायचे तर मालकसुद्धा आधी त्यालाच विचारत. तो कारभारी. तो रस्त्याने निघाला की बाकावर बसलेली माणसं उठून उभी राहत. काय माझा तोरा होता तेव्हा! अख्ख्या गावात मी एकाच माणसाचा होतो.

मग बाजाराने माझी वाट लावली. निदान तेव्हा मला तसंच वाटलं. त्या घरच्या टोपलीला निळी पट्टी असायची. ती टोपली घेऊन स्वयंपाकी आला की भाजीवाला हाक मारायचा, "या कारभारी, बसा!" माळी आला तरी तेच, धोबी आला तरी तेच. बड्या घरचं गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून दुकानदार मला दिसेल त्याला वाटत सुटले. आणि फुकटच्या मानाला नाही कोण म्हणतो? मी आपला आतल्या आत चडफडायचो.

पुढे गावात शाळा निघाली. मास्तरांनी आडनाव विचारलं तेव्हा स्वयंपाक्याच्या पोराने छाती काढून सांगितलं, "कारभारी." माळ्याच्या पोरानेही तेच सांगितलं. "अरे, एका घराला कारभारी असतात तरी किती?" मास्तर वैतागले, पण लिहून घेतलं.

कालांतराने ते घराणं बसलं. कोठार गेलं, किल्ल्या गेल्या. नोकर पोटापाण्यासाठी शहरोशहरी पांगले आणि मी प्रत्येकाबरोबर गेलो. नव्या गावात कोणी विचारलं तर आपला आजा भांडी घासायचा असं कोण सांगणार? "आम्ही बड्या घरचे कारभारी," असंच प्रत्येकजण सांगू लागला. पिढी बदलली की गोष्टीला आणखी थोडी फोडणी.

या सगळ्यांत मला लळा लागला तो घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांचा. दुकान टीचभर, पण वर माझी पाटी चांगली हातभर. नातीला भरवताना ते तिला कारभाऱ्याच्या गोष्टी सांगायचे. दुसरं होतं काय त्यांच्यापाशी?

ती नात मोठी झाली, नर्स झाली. दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या मुलाशी तिचं जमलं. त्याचंही आडनाव मीच! मला तर आभाळ ठेंगणं झालं. मुलाला आईवडील नव्हते, म्हणून त्याची आत्या मुलगी बघायला आली. बोलता बोलता म्हणाली, "आम्ही मूळचे त्या बड्या घरचे कारभारी बरं का."

आजोबांच्या हातातला कप तसाच राहिला. "आम्हीही त्याच घरचे."

"अगंबाई! मग ही दोघं तर एका रक्ताची. भावाबहिणीचं लग्न लावायचं की काय?"

झालं! लग्न मोडल्यात जमा.

नातीने आदळआपट केली नाही. "आजोबा, तुम्ही म्हणाल तसं," एवढंच म्हणाली आणि भरलं ताट सारून उठली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो, तुमचे पणजोबा त्या घरचे घोडे धुवायचे! पण माझं ऐकतो कोण? आणि खरं सांगू, आजोबांना ते ठाऊक होतं. त्यांच्या वडिलांनीच सांगितलं होतं. पण जन्मभर मिरवलेला मान असा एका दिवसात कसा सोडायचा?

बोलणी रीतसर मिटवायला आत्या पुन्हा आली. मुलगा शेजारी मान खाली घालून बसला होता, आणि आजोबांजवळ नातीचे वडील. "काय करणार, पोरांच्या नशिबातच नव्हतं," आत्या म्हणाली. तेवढ्यात नात कप उचलायला आली. तिचे डोळे सुजले होते. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि एकदम बोलून गेले, "रक्ताचं नातंबितं काही नाही. आमचे पणजोबा कारभारी नव्हतेच. त्या घरचे घोडे धुवायचे."

"बाबा!" नातीचे वडील ताडकन उठले. "काहीतरी काय बोलता?"

"बस खाली. आजवर तुला थापा मारल्या. आता त्या थापेपायी पोरीच्या जिवावर उठू का?" आजोबांचे कान लाल झाले होते.

आत्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग हळूच म्हणाली, "घोडे तरी बरे हो. आमचे तर त्या घरची खरकटी काढायचे. आजीने शपथ घातली होती, कुठे बोलू नकोस म्हणून."

आधी मुलगा हसला. मग नात हसली, आणि हसता हसता आजोबांच्या गळ्यात पडून रडायलाच लागली.

"पण मग खरे कारभारी गेले कुठे?" वडिलांनी विचारलं. तिथे कोणालाच माहीत नव्हतं. मला माहीत आहे. त्या पहिल्या कारभाऱ्याला तीन मुलीच होत्या. तिघी लग्न होऊन परगावी गेल्या आणि दुसऱ्या आडनावांच्या झाल्या. आज माझ्या एकाही घरात त्याचं रक्त नाही. तो गेला तेव्हाच मी संपलो असतो, मित्रांनो. मला इथवर आणलं ते घोडे धुणाऱ्यांनी आणि भांडी घासणाऱ्यांनी. आणि मी मात्र इतकी वर्षं त्यांचीच लाज बाळगत होतो.

तुमचंही आडनाव असंच कुठून तरी चालत आलेलं असेल. त्याची पाटी चकचकीत ठेवा, माझी ना नाही. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशीही बसा. आपले कोण होते, दिवसभर काय काम करायचे, ते विचारा. सांगताना ते अडखळले, तर हसू नका. थोडं जवळ सरकून बसा.