बिनकामाचा वेळ

"अवं प्रेमिला, ते पोरगी काहून पाहून राहिली आपल्याकडं?" परांचीवर उभ्या आनंदरावांनी हातातली थापी न थांबवता विचारलं.

"कॉलेजातून आली म्हनते. आपल्याले मोजून राहिली." प्रेमिलाने डोक्यावरचं घमेलं त्यांच्या पुढ्यात रिकामं केलं.

"मोजू दे. विटा मोजून झाल्या, आता मानसं मोजा म्हना!"

आनंदराव मोठ्याने हसले. हे हसणं फक्त भिंतीवरचं होतं. घरी ते फारसं बोलत नसत. कळमन्याच्या पलीकडे त्यांची एक खोली होती. संध्याकाळी तिथे पोचले की हातपाय धुऊन जेवायचं आणि पडायचं. लेक रोशनी लग्न होऊन गेल्यावर तर खोलीत भांड्यांचाच काय तो आवाज. पण सकाळी भिंतीवर चढले की त्यांना कंठ फुटायचा. गावाकडच्या, भिवापूरच्या गोष्टी, व्याह्यांच्या तक्रारी, निवडणूक, काय वाटेल ते. एक हात मसाला पसरतोय, दुसरा वीट ठोकतोय आणि खाली उभी प्रेमिला "हो ना जी" म्हणत पुढची वीट हातात देते आहे. लग्न झालं त्या वर्षापासून ते मिस्त्री आणि ती त्यांची रेजा, हाताखाली विटा-मसाला पुरवणारी बाई. नागपुरात ज्या ज्या भिंती त्यांनी उभ्या केल्या, त्यांच्या आत या दोघांचा संसार बोलून झाला होता.

दुपारी ती मुलगी स्वतःच जवळ आली. चिन्मयी तिचं नाव. बांधकामाच्या व्यवस्थापनावर पीएच.डी. करत होती. इमारती ठरल्या वेळेत का उभ्या राहत नाहीत, याचा तिचा अभ्यास होता.

"काकू, मी तुमच्यावर लक्ष नाही ठेवत आहे," ती म्हणाली. "कामाचा वेळ कुठे जातो, तेवढंच बघते. वीट बसवली की ते काम. वीट आणून दिली की ती कामाला मदत. आणि उरलेला तो बिनकामाचा वेळ."

"मंग आता म्या याइले पानी देल्लं, ते कशात लिवलं?"

चिन्मयी घुटमळली. "ते... बिनकामाच्या वेळात."

"आयक वं!" आनंदराव वरून ओरडले. "तू बिनकामाची हायेस!"

प्रेमिलाही पदर तोंडाला लावून हसली. तिला राग आला नाही. पाणी देणं हे काम आहे, असं तिलाही कधी वाटलं नव्हतं.

आनंदराव पाणी मागत नसत. कधीच, कोणालाच. लहानपणी गावच्या विहिरीवर आईबरोबर ते ओंजळ धरून उभे राहिले होते, वरून कोणी ओतेल याची वाट बघत. एकदा कोणीच ओतलं नाही. आई तशीच रिकामा हंडा घेऊन परतली. त्यानंतर हा माणूस घरात स्वतः माठातून घेऊन प्यायचा, पण कोणापुढे हात केला नाही. हे त्यांनी प्रेमिलाला एकदाच सांगितलं होतं, आणि पुन्हा विचारू नको म्हणाले होते. तिने विचारलं नाही. नुसतं पाहत राहायची. बोलता बोलता ते गप्प झाले, थापी उगाच भिंतीवर आपटायला लागले, की ती काही न बोलता तांब्या वर करायची. तेही काही न बोलता घ्यायचे.

चिन्मयीचा अहवाल बांधकाम कंपनीकडे गेला. तिने त्यात बरंच लिहिलं होतं. माल वर चढवायला यंत्र लावा, बायांच्या डोक्यावरचं ओझं कमी करा, उन्हाळ्यात प्रत्येक मजल्यावर सावली आणि पाणी ठेवा. कंपनीचं काम उशिराने चाललं होतं. कंपनीने त्यातलं पहिलं तेवढं उचललं. माल चढवणारी लिफ्ट आली, खाली तयार मसाल्याचं मशीन आलं आणि होळीनंतर सुपरवायझर अंकुशने बायांना एका बाजूला बोलावलं.

"मावशी, वरून ऑर्डर आहे. रेजा कमी करून राहिले. मी काय करू?"

"तू काय करशीन बाबू," प्रेमिला म्हणाली. घमेलं उलटं ठेवून ती खाली उतरली.

आनंदरावांनी काम सोडावं असं दोघांनाही वाटलं नाही. एकाची तरी हजेरी चालू राहायला हवी होती. ते सकाळी एकटेच जाऊ लागले. संध्याकाळी आले की ती विचारायची, "काय झालं जी आज?" ते म्हणायचे, "काय होते? भिंत झाली." खोलीत बोलायची त्यांना सवयच नव्हती. ती दिवसभर शेजारणीबरोबर मजुरीवर मिरच्यांचे देठ खुडायची. बोटांची आग रात्री झोपू देत नसे, पण तिला जास्त त्रास त्या शांततेचा व्हायचा.

एकदा जेवताना ते अचानक म्हणाले, "लिफ्ट लय आवाज करते वं. काही आयकू येत नाही."

"काय आयकाचं हाय तुमाले?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "काही नाही."

नवतपा लागला, मे अखेरचे ते नऊ जळते दिवस. दुपारी काम बंद ठेवायचं असा फलक गेटवर होता, पण मजला पूर्ण करून द्यायचा होता म्हणून वरच्या टोळीला थांबवून घेतलं. पाण्याचा ड्रम दोन मजले खाली. पोरं आळीपाळीने उतरून पीत होती, एकमेकांना हाका मारून मागवत होती. आनंदराव मिस्त्रींना दोन मजले उतरून पुन्हा चढणं झेपत नव्हतं, आणि मागवणं त्यांना जमलं नाही. पोरांना वाटलं, म्हातारा कमी बोलतो. थापी भिंतीवर आपटल्याचा आवाज लिफ्टच्या घरघरीत कोणाला आला असेल नसेल. मग ते भिंतीला टेकून बसले. कोणाला तरी वाटलं, झोप लागली.

अंकुशने त्यांना स्वतः उचलून खाली आणलं, अंगावर पाणी ओतलं, दवाखान्यात नेलं. प्रेमिला पोचली तेव्हा डॉक्टर बाहेर आले होते. त्यांच्या तोंडाकडे पाहूनच तिला सगळं कळलं. आत जाऊन नवऱ्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ अजून तापलेलं होतं.

पावसाळा सरता सरता चिन्मयी पत्ता शोधत खोलीवर आली. दारातच उभी राहिली. डोळे सुजलेले.

"बस ना पोरी."

"काकू, मला अंकुशने आत्ता सांगितलं. मला खरंच... माझ्या अहवालात पाण्याचंही लिहिलं होतं हो मी."

"लिवलं असंन. तू काय वाईट पोरगी नाही." प्रेमिलाने मिरच्यांचं सूप बाजूला सारून तिला जागा केली. मग म्हणाली, "एक इचारू? तू शिकलेली हायेस. खरं सांगजो. मी तिथं असती, तं वाचले असते का ते?"

चिन्मयीने मान खाली घातली. खोटं बोलणं सोपं होतं.

"हो काकू," ती म्हणाली. "बहुतेक वाचले असते."

प्रेमिलाच्या डोळ्यांतून पाणी सरळ मानेपर्यंत उतरलं, आणि मिरचीचे हात म्हणून तिला ते पुसताही येईना. चिन्मयीने आपल्या ओढणीने तिचा चेहरा पुसला.

"बरं झालं सांगतलं," प्रेमिला म्हणाली. "जलमभर मले वाटे, मी नुसती घमेलं उचलत होती."

रोशनीने सासरी चल म्हणून खूप आग्रह केला. प्रेमिला गेली नाही. दिवाळीनंतर एका सकाळी ती मजुरांच्या ठिय्यावर जाऊन उभी राहिली. ठेकेदाराचा माणूस मोटारसायकलवरून आला. बाया निवडत निवडत तिच्यापाशी थांबला.

"मिस्त्री कुठं हाय तुवा?"

"एकटीच हाय मी," ती म्हणाली.

हे वाक्य तिने पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं होतं. त्याने तिला खालून वर पाहिलं आणि मागून आलेल्या छोट्या टेम्पोकडे बोट केलं. त्यात आधीच बाया दाटीने बसल्या होत्या. एकीने हात पुढे केला. प्रेमिलाने लुगडं वर खोचलं, फळीला धरलं आणि आपली आपण वर चढली.