डांबरगोळ्यांचा वास

लोकांच्या घरी डांबरगोळ्यांचा वास लुगड्यांच्या कपाटापुरता असतो. आमच्याकडे तो नांदायलाच आला होता. कारण ह्यांच्या पाच लाकडी पेट्या. आसेगावच्या शाळेत हे विज्ञान शिकवायचे आणि शाळा सुटली की किडे धरत फिरायचे. भुंगे, चतुर, फुलपाखरं. प्रत्येकाला टाचणी, खाली गाव आणि तारखेची चिठ्ठी. या किड्यांनाच दुसरी कीड खाते म्हणे, म्हणून पेटीच्या कोपऱ्याकोपऱ्यात गोळ्या.

"घर हाय का मुतारी?" मी म्हणायची.

"हा वास हाय तोवर माह्या भुंग्याइले कोनी हात लावत नाई," हे म्हणायचे. हा वाद आम्ही जन्मभर मिटवला नाही.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. तेव्हापासून मंगरूळपीरहून गोळ्या मीच आणते. दुकानदाराला वाटतं, मंजुषाबाईंना साफसफाईचं वेड आहे. वेड आहेच, पण साफसफाईचं नाही. पेटी उघडली की हे घरात असल्यासारखे वाटतात.

परवा वैभवी आली. ह्यांची विद्यार्थिनी; आता नागपूरला एका संग्रहालयात किडेच सांभाळते. पेट्या द्या, असं फोनवर म्हणाली होती. मी 'येऊन पाह्य' एवढंच म्हटलं होतं.

झाकण उघडून ती म्हणाली, "काकू, याइले ऊन लागलं का?"

"लागलं कायचं? मीच दाखवलं, वैशाखात, तुरीच्या डाळीसंगं."

कीड लागू नये म्हणून डाळीला ऊन दाखवतात, मग ह्यांच्या किड्यांनी काय घोडं मारलं होतं? पण फुलपाखरांचे रंग उडाले, भुंग्यांचे पाय गळाले. ते पाय मी टिकल्यांच्या रिकाम्या पाकिटांत ठेवले होते, ज्याचे त्याचे वेगळे. वाटलं, पोरगी हसेल. तिनं पाकिटं दोन्ही हातांनी घेतली.

"लय चांगलं केलं काकू. एका पायावरूनबी किड्याची जात सापडते. अन् उद्या कोनी इचारलं, आसेगावात तवा कोनते किडे होते, तं सरच सांगतीन. पन इथं राह्यले तं भुगा होईन."

खरंच होतं. चतुरांच्या खाली पिवळी भुकटी पडली होती.

"तुमच्या तिथं असाच वास येते का?" मी विचारलं.

"नाई. गोळ्या आता वापरत नाई, श्वासाले वाईट. आमी आधी थंडीत गोठवतो, मंग घट्ट कपाटात ठेवतो."

मला रडूच आलं. ती बिचारी गडबडली. तिला वाटलं, मी किड्यांसाठी रडते आहे; मी रडत होते वासासाठी. पण ह्यांच्या जन्माच्या मेहनतीचा भुगा करायचा मला काय हक्क? "ने," म्हटलं.

दुपारभर ओसरीवर बसून तिनं एकेक किडा आपल्या नव्या पेट्यांत टोचला. जाताना म्हणाली, "जुन्या पेट्या जाळून टाका काकू, त्याइत कीड असन."

चार जाळल्या. पाचवी पलंगाखाली सरकवली.

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर ती ओढली आणि झाकण उघडलं. वास आला.

"घर हाय का मुतारी?" मी म्हटलं.

उत्तर मला पाठ आहे. तरी वाट पाहत बसले.