बाबांची हत्तीकडची वर्षं

बाबा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला मी चार मिनिटं बोलले आणि तेवढ्यात एक मोठी चूक केली.

मेडशीच्या विहारासमोर मंडप टाकला होता. वंदना झाली, भंतेजी बोलले, मग माईक माझ्याकडे आला. मी कागदावर लिहून आणलं होतं. बाबा एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होते, मॅट्रिकपुढे शिकले नाहीत, पण अमेरिकेत कोण निवडून आला आणि त्यानं कुठं बॉम्ब टाकले याची त्यांना खडान्‌खडा माहिती असायची, हे मी सांगितलं. अमेरिकेत दोन मोठे पक्ष, रिपब्लिकनांचं चिन्ह हत्ती आणि डेमोक्रॅटांचं गाढव. आमच्या गावच्या चहाटपरीवरही ते हत्तीवाले आणि गाढववाले म्हणूनच ओळखले जात, तेही सांगितलं. मग शेवटचं वाक्य वाचलं. हत्तीवाल्या राष्ट्राध्यक्षांनी जगावर लादलेल्या युद्धांना माझ्या वडिलांचा आयुष्यभर विरोध होता, इराकच्या वेळी तर ते एकटे त्या विरोधात उभे राहिले.

मागच्या रांगेत एसटीतले रिटायर लोक बसले होते. त्यांच्यातला एक जण हसला आणि त्यानं लगेच रुमाल तोंडाला लावला. दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. त्यांच्या मधोमध भाऊसिंगकाका होते. त्यांनी वर पाहिलंच नाही. मांडीवरचा टॉवेल घडी करत राहिले, उलगडून पुन्हा घडी करत राहिले.

भाऊसिंगकाका बंजारा तांड्यावरचे. बाबांच्या गाडीवर एकोणीस वर्षं ड्रायव्हर. वाशिम–अकोला गाडीवर पुढे ते आणि मागे बाबा. ते भेटले की काका जयभीम म्हणत आणि बाबा जय सेवालाल म्हणत, आणि तिथून पुढे भांडण सुरू होई. कुवेतच्या लढाईपासून हे चालत आलेलं. शिरपूरला गाडी वीस मिनिटं थांबे, जैन यात्रेकरू चढत-उतरत असत आणि हे दोघं बोनेटवर रेडिओ ठेवून एकमेकांचे राष्ट्राध्यक्ष काढत. बाबा गावात निवडणुकीला निळ्या झेंड्याच्या हत्तीवर शिक्का मारणारे, आणि टपरीवर हत्तीला शिव्या देणारे. लोकांना त्याची मोठी मजा वाटे.

मला मजा वाटत नसे. मी शाळेतून येई तेव्हा बाबा घरात असले तरी अर्धे त्या भांडणात असत. मी काही विचारलं की हूं म्हणत. मी बाजूला जाऊन बसले की दोघंही गप्प होत आणि भाऊसिंगकाका म्हणत, "काय नीली, पास झाली का?" पास झालेलीच असे मी. पहिली आलेली असे. पण व्हिएतनामचं युद्ध कोणाच्या काळात वाढलं हे मला कोणी विचारत नसे.

म्हणून मी वाचायला लागले. आज मला पुस्तकांवरच पगार मिळतो, पुण्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, पण सुरुवात ही अशी झाली. मी दहावीत होते त्या वर्षी बाबा गाढवाच्या बाजूनं बोलत. एकाहत्तर साली बंगालच्या उपसागरात आरमार धाडणारा हत्तीवाला, कुवेतमध्ये उतरणारा हत्तीवाला, असं टेबलावर बोट आपटून सांगत. मी मनात त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. मग नागपूरला बी.ए.ला गेले आणि दोन हजार तीनच्या मार्चमध्ये इराकवर हल्ला झाला. मी होस्टेलवरून बाबांना कागद लिहायला लागले. पत्रं म्हणवत नाही त्यांना. ख्यालीखुशाली दोन ओळी आणि पुढे सात-आठ पानं मुद्दे. वाचनालयात बसून काढलेले, तारखांसकट. दोन वर्षांत एकतीस कागद. बाबा उत्तर म्हणून मनीऑर्डर पाठवत. खालच्या जागेत लिहिलेलं असे: कागद मिळाला. तब्येत जप.

मला तेवढं पुरे वाटे. बाबा माझे मुद्दे घेऊन भाऊसिंगकाकांना हरवत असतील, हे मी मनाशी पाहत असे.

कार्यक्रम झाल्यावर आईला विचारलं, ते लोक हसले कशाला. माझी आई वच्छला भांडी आवरत होती. ती म्हणाली, त्या दोघांचं मले काय माईत. मग थोड्या वेळानं म्हणाली, "माह्यापेक्षा ज्यादा संसार त्याचा त्या डायवरसंगच झाला."

दवाखान्यातही काकाच होते. बाबांना अकोल्याला भरती केलं तेव्हा मी पुण्याहून निघाले. पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. मी काकांना विचारलं होतं, शेवटी काय बोलले. त्यांनी खरं ते सांगितलं. जूनमध्ये अमेरिकेनं इराणवर बॉम्ब टाकले, त्याबद्दल बोलत होते म्हणाले. मी मान हलवली. काकांचा मला इतका राग आला की मी बाहेर जाऊन रिक्षा बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांड्यावर गेले. मला बाबांची वही पाहिजे होती. जाड पुठ्ठ्याची रजिस्टर वही, भांडण झालं की बाबा तिच्यात लिहून ठेवत. आईनं सांगितलं ती काकांकडं आहे. बाबांचं अक्षर मी दुसऱ्याच्या घरात राहू देणार नव्हते. सोमवारी मला पुण्याला परत जायचं होतं.

कमलीबाई काकूंनी खाट टाकली आणि चहा ठेवला. काका गोठ्यातून आले. बसायच्या आधीच मी म्हणाले, "काका, बाबाची वही मले पाहिजे."

"घेऊन जा," ते म्हणाले.

मी भांडायची तयारी करून आले होते. ते आत गेले आणि कंडक्टरची जुनी पत्र्याची पेटी घेऊन आले, तिकिटांच्या गड्ड्या ज्यात ठेवत ती. झाकण उघडून त्यांनी वही काढून माझ्या हातात दिली. खाली कागद होते. सुतळीनं बांधलेले. वरच्या कागदावर माझं अक्षर होतं.

मी हात पुढे केला. त्यांनी झाकण लावलं.

"वही तुही. कागद माहे हायेत."

"मी लिवले ते कागद, काका. बाबाले लिवले."

"लिवले असतीन. त्यानं मले देले."

कमलीबाई काकू चुलीपासून म्हणाल्या, सांगून टाका ना तिले, कालपासून जेवले नाई तुमी. तेव्हा त्यांनी सांगितलं, खाली बघत, गिअर बदलल्यासारखं मधे मधे थांबून.

ब्याण्णव साली दोघांचं इतकं वाजलं होतं की पाच महिने त्यांनी एका गाडीवर राहून एकमेकांशी शब्द काढला नाही. फक्त घंटीवर गाडी चालली. मग बाबांनीच तोड काढली. एसटीत ड्युटी बदलते, तशी आपली बाजूही बदलायची. अमेरिकेत शपथ झाली की त्या जानेवारीत पलटी. चार वर्षं हत्ती, चार वर्षं गाढव. ज्याच्या वाट्याला जे येईल त्याची सगळी पापं त्यानं निस्तरायची, कुरकुर करायची नाही. त्र्याण्णवपासून एकदाही हे चुकलं नव्हतं. एसटीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

मी मनात वर्षं मोजली. सत्त्याण्णव ते दोन हजार एक, माझ्या दहावीच्या वेळी, बाबा गाढवाकडं. दोन हजार एकपासून पाचपर्यंत हत्तीकडं. म्हणजे मी नागपूरहून इराकच्या लढाईविरुद्ध कागदावर कागद लिहीत होते तेव्हा बाबा मेडशीत त्याच लढाईची बाजू घेऊन बसले होते. त्या वर्षांत सुट्टीला आले की नेहमीसारखे दोघंही माझ्यासमोर गप्प होत; पाचनंतर येऊन पाहावं तर बाबा पुन्हा हत्तीलाच इराकवरून शिव्या घालत असत, त्यामुळे मला शंका आली नाही. पुढे नऊ सालानंतर त्यांनी गाढववाल्यालाही ड्रोनवरून झोडपलं, तेव्हा मला वाटलं, बाबा किती निःपक्षपाती आहेत.

"मंग माहे कागद?"

"पैला कागद आला ना, तो म्हणे, भाऊसिंग, हा माल तुह्या बाजूचा हाये. मी ठेवला तं बेइमानी होईन." काकांनी चहाचा कप उचलला, प्यायले नाहीत. "मले छापलेलं वाचता येते, हातचं अक्षर नाई लागत. मंग तोच वाचे. शिरपूरले गाडी लागली का बोनेटवर बसून, मोठ्यानं. सोताच्याच इरोधात. अन् वाचून झालं का मी म्हणो, आता दे जवाब."

"देत जाय का?"

"देये. हरे बी." ते पहिल्यांदा हसले. "तुह्या कागदावर लय डाव हरला तो."

माझ्या डोळ्यांसमोर बोनेटवरचे ते दोघं आले. माझी वाक्यं बाबांच्या आवाजात, आणि ऐकायला भाऊसिंगकाका. एकतीस वेळा. मी तेव्हा होस्टेलच्या मेसमध्ये मनीऑर्डरची खालची ओळ वाचत होते. त्या क्षणी मला बाबांचाही हेवा वाटला आणि काकांचाही, आणि कोणाचा जास्त ते सांगता आलं नसतं.

मी म्हणाले, तुम्हाला तर सगळंच मिळालं. हे मला बोलायचं नव्हतं.

काकांनी कप खाली ठेवला. "मले? तुहा कागद आला का दोन दिवस तो माह्यासंग बोलत नोता. वाचतच राहे. तिकिटं फाडता फाडता वाचे. एक डाव मी गाडी चुकीच्या फाट्यावर घातली, तरी यानं घंटी मारली नाई. मले असा राग ये तुहा. म्हटलं, ही पोरगी नागपुरात बसून माहा कंडक्टर घेऊन चालली."

कमलीबाई काकू म्हणाल्या, हो, घरी येऊन शिव्या देत जाय तुले.

गोठ्यात बादल, त्यांचा नातू, म्हशीला पाणी दाखवत होता; त्याच्या बादलीचा आवाज येत होता. मग काकांनी पेटी पुन्हा उघडली. गठ्ठ्याची सुतळी सोडली, मधला एक कागद ओढला आणि माझ्यापुढे धरला.

"वाच एखांदा. पुरा महिना झाला, वाचला नाई कोणी."

म्हणजे बाबा मरेपर्यंत वाचत होते. मी ते मनात नीट ठेवून दिलं आणि कागद घेतला. तारीख चार एप्रिल दोन हजार तीन. वीस वर्षांची एक हुशार, हट्टी मुलगी लिहीत होती. शस्त्रांचे तपासनीस हल्ल्याआधी इराकमध्ये होतेच, त्यांना शस्त्रं सापडली नव्हती, आणखी वेळ मागत होते. संयुक्त राष्ट्रांची मंजुरी नव्हती. हत्तीवाल्या बापानं कुवेतमध्ये सोडलेलं काम मुलगा पुरं करतो आहे, त्याची किंमत बगदादच्या माणसांनी का द्यावी. मी मोठ्यानं वाचलं. काका डोळे मिटून ऐकत होते, मधे मधे मान हलवत होते. काही वाक्यं त्यांना पाठ होती. माझ्या आधीच त्यांचे ओठ हलत.

संपल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि सवयीनं म्हणाले, "आता दे जवाब."

मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी टॉवेल उचलून खांद्यावर टाकला, पुन्हा काढला.

मी वही उघडली. पानांवर तारखा होत्या. दोन हजार तीन, एप्रिल, अकरा. बाबांचं ते तिकिटांच्या हिशेबाच्या वेबिलावरचं बारीक उभं अक्षर. मी वाचायला लागले. सद्दामनं कुर्दांच्या गावावर विषारी वायू सोडला तेव्हा जग काय करत होतं, असं बाबांनी विचारलं होतं. लढाईच्या ठरावाला सिनेटमधल्या निम्म्याहून जास्त गाढववाल्यांनीच हात वर केला, मग पाप एकट्या हत्तीचं कसं. व्हिएतनाममध्ये फौजा ओतणारा तर गाढववालाच होता. वाक्यं तुटक होती, पण क्रम पक्का होता. तपासनिसांच्या मुद्द्याशी येऊन मात्र त्यांनी दोनदा खोडलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं, याला जवाब नाही.

बावीस वर्षांनी मला बाबांचं उत्तर आलं होतं. ते कधी टपालात पडलं नव्हतं.

"अन् मंग?" काकांनी विचारलं. "खाली काई लिवलं असन. तो कायतरी लिवत राहे शेवटी."

पानाच्या तळाशी एक ओळ होती. हरलो. नीलीनं हरवलं. तिले सांगायचं नाही, पोरगी फुगून जाईन.

काका वाट पाहत होते. बोट वहीच्या कडेवर ठेवून, तोंड माझ्याकडं करून, बोनेटवर बसत असतील तसे.

"हरलो म्हणून लिवलं हाये," मी म्हणाले.

"बास?"

"बास. एवढंच."

त्यांनी मान डोलावली. माझ्या हातातला कागद घेतला, घडीवर घडी करून गठ्ठ्यात मधोमध सरकवला आणि सुतळी बांधली. मी तो परत मागितला नाही. वही पिशवीत ठेवली आणि चहा गार झाला होता तो तसाच प्यायले.