बदाम नकोत, माणसं हवीत

माझी भाची रेनिटा केस विणून देण्याचं दुकान चालवते. जूनमध्ये त्याच दुकानासमोर एका गोऱ्या पोलिसाने तिच्या भावाला, लव्हेलला, गाडीतून ओढून रस्त्यावर आपटलं. गुन्हा काय, तर मागचा दिवा फुटलेला. लव्हेलचा हात मोडला. पोलिसाने लिहून दिलं, पळताना पडला. पण रेनिटाने दारातून सगळं फोनवर टिपलं होतं. तिने ते इंटरनेटवर टाकलं आणि बघता बघता निम्म्या देशाने पाहिलं. एवढं मान्य करते: तो व्हिडिओ नसता तर लव्हेल पळतानाच पडला असता.

मग सहानुभूतीला ऊत आला. आम्हा काळ्यांच्या वस्तीतून जाताना ज्या बायका गाडीच्या काचा वर करून घेत, त्यांनी पाठिंबा म्हणून इंटरनेटवर आपापल्या पानावर काळे चौकोन लावले. काळा रंग त्यांना तेवढाच झेपत होता.

लव्हेलसाठी आम्ही काढलेल्या मोर्चाला मॅकेन्ना नावाची एक बाई आली. चेहऱ्याच्या क्रीमबद्दल बोलून बोलून हिने लाखो चाहते जमवलेले. फोटो काढायला नवरा सोबत. तिने रेनिटाच्या हातातला फलक मागून घेतला, निषेधाची खूण म्हणून गुडघे टेकले आणि म्हणाली, "ताई, थोडं बाजूला होता? माझ्या तोंडावर सावली येतेय."

रेनिटा बाजूला सरकली. मला राहवेना. "टेकलेच आहेस गुडघे, तर प्रार्थनाही उरकून घे, बाई!"

ती गोड हसली. फोटो निघाला, फलक फुटपाथवर टाकून जोडी गेली. तो फोटो आमच्या व्हिडिओपेक्षा जास्त गाजला.

जुलैत नगर परिषदेपुढे सुनावणी लागली. रेनिटाने तारीख पुन्हा पुन्हा टाकली. हजारोंनी "येतोच" म्हणून कळवलं. प्रत्यक्षात आमच्या बाजूला आम्ही दोघी, गळ्यातल्या झोळीत हात अडकवलेला लव्हेल आणि आमच्या चर्चचे पास्टर. पलीकडे पोलीस संघटनेची माणसं रांगा भरून.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "लोकांना यात फारसा रस दिसत नाही. पुढचा विषय घेऊ या?"

रेनिटा ताडकन उठली. फोन सुरू करून तिने रिकाम्या खुर्च्या इंटरनेटवर सगळ्यांना थेट दाखवल्या. पडद्यावर बघणाऱ्यांनी पाठवलेले लाल बदाम उडायला लागले.

"बदाम नकोत!" ती ओरडली. "दहा मिनिटांवर घर असेल त्यांनी चपला घाला आणि या. बाकीच्यांनी फोन ठेवून द्या, तुमचा काही उपयोग नाही."

"बस कर, शोभा होतेय," लव्हेल पुटपुटला.

"होऊ दे. रस्त्यावर तुझी झाली, ती कुणी थांबवली होती?"

अध्यक्ष तिला खाली बसवू पाहत राहिले, ती बोलत राहिली आणि दहाएक मिनिटांत दार उघडलं. अर्धेच केस विणलेली मिस अर्नेटा, तेलकट हातांचा गॅरेजवाला रूझवेल्ट, चर्चमध्ये जेवण वाढणाऱ्या बायका एप्रनसकट. खुर्च्या भरल्या, भिंतीशी माणसं उभी राहिली. विषय पुढे सरकवायची मग कुणाची छाती झाली नाही. व्हिडिओ सगळ्यांसमोर लावावा लागला.

पुढे त्या पोलिसाची नोकरी गेली. खटला मात्र कुणी भरला नाही.

मॅकेन्नाने लिहिलं, "आपण जिंकलो!"

"मावशी, काय उत्तर देऊ हिला?" रेनिटाने विचारलं. मी सुचवलं ते छापण्याजोगं नव्हतं. तिने साधंच लिहिलं: "लव्हेलला हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं असतं. तुझी गाडी पाठवतेस?"

थोड्या वेळाने रेनिटाचं ते उत्तर मॅकेन्नाच्या पानावरून गायब झालं. लव्हेलला मीच नेते. त्याची मूठ अजून पुरती वळत नाही.